मागे धावलेला टेम्पो

१

छबूबाई कोरडे गेल्या त्या स्वतःच्या गोठ्याची दगडी भिंत आणि स्वतःच्याच टेम्पोचा मागचा फाळका यांच्यात सापडून. सकाळची दूध घालायची वेळ होती. कॅन चढवून झाले होते. ड्रायव्हर अमजद शेख हँडलशी बसला, त्याने मूठ पिळली, आणि चढ चढून डेअरीच्या रस्त्याला लागायचा तो बॅटरीवरचा तीनचाकी टेम्पो दणक्यात मागे आला. बाईंना ओरडायलाही सवड मिळाली नाही.

अमजद तेव्हापासून एकच वाक्य बोलत होता, की मी बटण फॉरवर्डलाच टाकलं होतं. मिरजगावात ते कुणी ऐकून घेतलं नाही. पोलिसांनी टेम्पो ओढत चौकीत नेला आणि गावातल्याच परवेझ मिस्त्रीला बोलावलं. त्याने मूठ पिळली तर टेम्पो ना पुढे जाईना ना मागे. हिव भरल्यासारखा जागच्या जागी थरथरला आणि मीटरवर मोटरच्या सेन्सरचा लाल दिवा लागला. परवेझने निकाल देऊन टाकला. धडकेने सेन्सर तुटला, त्याआधी गाडीत काही खोट नव्हती. म्हणजे रिव्हर्स टाकला तो माणसाने. त्यात आदल्याच आठवड्यात छबूबाईंचं आणि अमजदचं भर अंगणात कडाक्याचं भांडण झालेलं. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. मुद्दाम मारलं म्हणून कलम लागलं, अमजद कोठडीत गेला, आणि त्याच्या बायकोचं, हसीनाचं दळण गिरणीवाला घेईनासा झाला.

विमा कंपनीने तपासाला पाठवलं सबिहा तांबोळीला. नगरला सावेडीत राहणारी, पन्नाशीला टेकलेली, अपघातात सापडलेल्या गाड्या तपासण्यात हयात घालवलेली बाई. तिचं नाव कळल्याबरोबर गावात कुजबुज सुरू झाली, की आता ही आपल्या माणसाला सोडवणार. असल्या कुजबुजीची सबिहाला चीड येई, आणि चीड आली की ती आणखीच सावकाश काम करी. तिने पंचनामा वाचला, पुन्हा वाचला, आणि समोर बसलेल्या खेडकर हवालदारांना विचारलं की भिंतीचा एखादा दगड तरी हलला होता का.

हवालदार म्हणाले, दगड कसला, भिंतीला ओरखडासुद्धा नाही. फाळकाही सरळच आहे.

"मग सेन्सर तुटला कशाने?" सबिहा म्हणाली. "त्याला मोटरला हादरा बसायला हवा. तुमचा टेम्पो भिंतीपर्यंत पोचलाच नाही, साहेब. मध्ये बाई होत्या."

२

तालुक्याच्या कोठडीत अमजद गुडघ्यांत मान घालून बसला होता. सबिहा समोर बसली तसा तो घरच्या भाषेत बोलू लागला, तर हवालदारांनी बजावलं की मराठीत बोला, मलाही कळू द्या. दोघांनीही ते मुकाट्याने मानलं.

भांडण कशावरून झालं, हे तिने आधी विचारलं. दुधात पाणी घातल्यावरून, असं गाव म्हणत होतं. अमजदने मान हलवली. भांडण मीटरवरून झालं होतं. टेम्पो कोरड्यांच्या अंगणातच उभा राही. दुपारी फेऱ्या आटोपल्या की अमजद चालत घरी जाई आणि सकाळी परत येई. गेले काही महिने सकाळी पाहावं तर मीटरवरचे किलोमीटर वाढलेले आणि बॅटरी उतरलेली. बरं, कुणी टेम्पो बाहेर काढला म्हणावं तर अंगणातल्या फुफाट्यात चाकाचा नवा माग नाही. उभ्या गाडीचे किलोमीटर वाढतात कसे, हे त्याने छबूबाईंना विचारलं आणि बाई भडकल्या. तूच लोकांचा माल वाहत असशील आणि वर मलाच विचारतोस, असं चारचौघांत बोलल्या. पण राग फार काळ टिकला नाही. नंतर त्यांनीच हसीनाकडे भुईमुगाच्या ओल्या शेंगा धाडल्या होत्या.

"मावशीच म्हनायचो मी त्यास्नी," अमजद म्हणाला.

सबिहाने त्या सकाळचं विचारलं. बटण फॉरवर्डला होतं, बाई कधी मागे गेल्या ते त्याने पाहिलं नव्हतं, चढ होता आणि कॅन भरलेले होते म्हणून मूठ जोरात पिळली, एवढंच त्याला सांगता आलं. सांगताना तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत होता. या माणसाला फासाची नाही, दुसरीच भीती पोखरते आहे, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला त्याची फार दया आली.

"एक खरं सांगा, मॅडम," तो म्हणाला. "मानूस इसरतो का असं? समदी एकच म्हनत्यात. मीच रिव्हर्सला टाकलं असंल का?"

३

चौकीच्या आवारात सबिहाने टेम्पोची मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून घेतली. परवेझ मिस्त्री हाताची घडी घालून उभा होता. त्याचं म्हणणं, लाल दिवा लागलाय, मोटर बदला, विषय संपला. त्याने झाकण उघडूनही पाहिलेलं नव्हतं, हे तिला त्याच्या बोलण्यावरूनच कळलं.

असल्या मोटरचं काम तसं सरळ असतं. मोटरच्या पोटात फिरणारा भाग या घडीला कुठे आहे, हे सेन्सर तीन बारीक तारांतून सांगतो. ते ऐकून सीटखालचा कंट्रोलर तीन जाड तारांतून मोटरला वीज सोडतो. सेन्सर मेला असेल तर बारीक तारांपैकी एखादी तरी गप्प राहते. सबिहाने मल्टिमीटर लावला आणि चाक हाताने हळूहळू फिरवलं. मीटरवरचा आकडा चढे, उतरे. एका तारेचा, मग दुसरीचा, मग तिसरीचा. तिन्ही बोलत होत्या.

"सेन्सर ठणठणीत आहे," ती म्हणाली.

मग टेम्पो थरथरतो का? सांगणारा एक जागा सांगतोय आणि ढकलणारा भलतीकडे ढकलतोय, एवढंच त्याचं कारण असू शकत होतं. ती सेन्सरच्या केबलीवर बोटं फिरवत मागे गेली. धुळीने माखलेल्या प्लगपाशी वीतभर लांबीचा जास्तीचा तुकडा निघाला. दोन्ही टोकांना प्लग, आणि आत तीनपैकी दोन तारांची जागा आपसांत बदललेली. कंपनीचं काम नव्हतं, पण हात सुरेख होता. प्रत्येक सांध्यावर नळी चढवलेली. तिने तो तुकडा काढून प्लग सरळ जोडला, मूठ पिळली. चाकं झुळझुळ पुढे फिरली आणि लाल दिवा विझला.

परवेझ दोन पावलं पुढे आला. सबिहाने तोवर सीट उचलली होती. जाड तारांच्या बोल्टांवर कंपनी रंगाची खूण करते. ती खूण खरवडून गेली होती आणि नटांचे कोपरे पान्हा लावून लावून गुळगुळीत झाले होते. तिने तो तुकडा पुन्हा बसवला, दोन जाड तारांची अदलाबदल केली, चाकं खाली उतरवली आणि हवालदारांना गाडीमागून बाजूला व्हायला सांगितलं. बटण फॉरवर्डला टाकून तिने मूठ केसभर पिळली. टेम्पो मुकाट मागे सरकला. रिव्हर्सचा भोंगाही वाजला नाही, कारण बटण रिव्हर्सला नव्हतंच.

खेडकर हवालदारांनी टोपी काढून कपाळ पुसलं. परवेझच्या तर पाचावर धारण बसली. गाडीची देखभाल त्याच्याकडे, आता सगळं आपल्यावर शेकणार हे त्याला दिसत होतं. मात्र त्याने स्वतःला वाचवायला जे सांगितलं ते लाखमोलाचं निघालं.

"मी केलं असतं तर पुरतं केलं असतं, मॅडम. असं अर्धवट कोन करंल?"

त्याचं खरं होतं. त्या सकाळी जाड तारा आणि बारीक तारा, दोन्ही उलट होत्या, म्हणून तर टेम्पो सुसाट मागे गेला. पोलिसांच्या हाती लागला तेव्हा जाड तारा सरळ होत्या आणि बारीक तशाच उलट. मधल्या वेळात कुणीतरी गाडी पूर्ववत करायला गेलं होतं आणि निम्म्यावर सोडून आलं होतं.

"म्हणजे," ती हवालदारांना म्हणाली, "बाई भिंतीशी पडल्या असताना एक माणूस पान्हा घेऊन या सीटवर वाकला होता."

४

कोरड्यांच्या वस्तीवर अजून दहावा व्हायचा होता. राधाकृष्ण कोरडे, छबूबाईंचे मालक, गोठ्याच्या सावलीत बाजेवर बसून होते. बायको गेल्यापासून त्यांनी कुणाशी धड शब्द बोललेला नव्हता. मुलगा अमृत, आयटीआयचा वायरमन, कोपरगावला साखर कारखान्यात नोकरीला. तो पाहुण्यांना पाणी देत होता. हवालदारांना बरोबर घेऊन आलेल्या सबिहाने त्या दोघांना सोडून आधी गाठलं कडूबाईंना. छबूबाईंची ही चुलत जाऊ, शेजारच्याच घरात राहणारी, आणि सध्या कोरड्यांच्या म्हशी तीच सांभाळत होती.

कडूबाईंना बोलायला कुणीतरी हवंच होतं. सबिहाने भोंग्याचं विचारलं तशा त्या विचारात पडल्या.

"न्हाई वाजला," त्या म्हणाल्या. "रोज अमजद गाडी मागं लावतो तवा टुंय टुंय करतीया, माजं तान्हं उठतंय त्यानं. त्या दिशी वाजला असता तर छबूबाय सरली नसती व्हय बाजूला?"

इतकी साधी गोष्ट, आणि पंचनाम्यात कुणीही या बाईला ती विचारली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशीच होते. सबिहाने मनातल्या मनात हात जोडले आणि पुढे विचारलं. त्या वेळी कोण कुठे होतं? कडूबाईंनी सांगितलं, की छबूबाई आदल्या दुपारी नगरला गेल्या होत्या, बहीण दवाखान्यात होती म्हणून. रात्र तिथेच काढून सकाळच्या पहिल्या एसटीने परत आल्या आणि तशाच गोठ्याकडे वळल्या. मग ते झालं. अमजदनेच त्यांना उचलून शेजारच्या जीपमध्ये घातलं आणि मांडीवर डोकं घेऊन बसला. अख्खी वस्ती दवाखान्याकडे धावली. राधाकृष्ण भावजी तेवढे गेले नाहीत. त्यांच्या पायांतलं बळच गेलं, बिचारे टेम्पोला धरून खाली बसले.

सबिहाने गोठ्यात नजर टाकली. कोपऱ्यात कडबा कापायची कुट्टी होती आणि तिची जळलेली मोटर बाजूला पडलेली होती. मोटर जळली तर एवढा चारा कापता कसा, असं तिने सहज विचारलं. कडूबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, की ते घरच्यांनाच ठाऊक, पण छबूबाई कापायची मात्र अगदी बारीक. थोरली म्हैस म्हातारी, तिला लांब तुकडा चावत नाही.

"त्या दिशीचा चारा मातर इचितर हुता," त्या म्हणाल्या. "पाटीत खाली बारीक अन वर ही लांब लांब दांडकी. म्हशीनं वरचं तसंच टाकलं."

सबिहा कुट्टीच्या पुलीशी वाकली. पुलीवर पट्ट्याची ताजी घासण होती. चौकीत तिने एक गोष्ट पाहून ठेवली होती; टेम्पोच्या मागच्या डाव्या टायरचा मधला भाग पॉलिश केल्यासारखा चकचकीत होता, उजवा मात्र खरखरीत. आता तिला उभ्या गाडीचे वाढणारे किलोमीटर दिसले. अमजदने इथेच मागे लावून ठेवलेल्या टेम्पोचं डावं चाक जॅकवर उचलायचं, त्यावर पट्टा चढवायचा आणि मूठ बांधून ठेवायची. चाक हवेत फिरायचं, कडबा कापला जायचा आणि मीटरला वाटायचं की गाडी मैलोगणती पळते आहे.

तिने अमृतला हाक मारली आणि तो वीतभर तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. अमृतने तो पाहिला, बाजेवरच्या बापाकडे पाहिलं, आणि म्हणाला की हे माझंच काम आहे.

"सगळं मीच केलंय," तो म्हणाला. "मला न्या."

५

तो ज्या घाईने बोलला त्यावरूनच सबिहाला कळलं की यातलं निम्मंच खरं आहे. तिने त्याला खाली बसवलं आणि खरं तेवढं काढून घेतलं. कुट्टीची मोटर जळाली, आणि असली मोटर चालवणारी लाईटही दिवसा क्वचितच असे. आईचे हात कोयत्याने कडबा तोडून सुजायचे. म्हणून त्याने टेम्पोची जोडणी केली. पण पुढे चालवलं की कुट्टी उलटी फिरे. पट्ट्याला तिढा घातला तर तो उतरे. रिव्हर्सला चालवावं तर कंपनीने वेग बांधून ठेवलेला, कडबा कापण्यापेक्षा चघळलाच जाई. तेव्हा त्याने मोटरच उलटी करायची युक्ती काढली आणि आईला शिकवली. दुपारी अमजद गेला की हा तुकडा बसवायचा, दोन जाड तारा फिरवायच्या. काम झालं की दोन्ही पुन्हा होत्या तशा. टेम्पो नवा होता, कंपनीला कळलं तर दुरुस्तीची हमी जाईल म्हणून अमजदलाही सांगितलं नाही.

"आणि अपघातानंतर जाड तारा तूच सरळ केल्यास?"

"व्हय."

"त्या सकाळी तू कोपरगावला कामावर होतास. इथे येण्याआधीच मी कारखान्यात फोन करून विचारलंय. आणि ज्याने हा तुकडा बनवला तो तारा सरळ करताना नेमका तुकडाच विसरेल, हे मी मानणार नाही."

अमृतने मान खाली घातली. सबिहा त्याच्याशीच बोलत राहिली, पण आवाज बाजेपर्यंत जाईल इतका ठेवला. चारा खाली बारीक आणि वर लांब होता, म्हणजे छबूबाईंनी कापायला सुरुवात केली आणि त्या नगरला निघाल्यावर उरलेला दुसऱ्याने कापला. तारा फिरवायचं काम त्या दुसऱ्यावर आलं आणि ते राहिलं. अपघातानंतर टेम्पोपाशी एकच माणूस उरला होता. त्याने काय केलं? विहिरीवरची तीन तारांवर चालणारी थ्री फेजची मोटर उलटी फिरली की शेतकरी जे करतो तेच केलं. दोन तारांची अदलाबदल केली. जन्मभर पंपाला तेवढं पुरलं होतं. पंपाला सेन्सर नसतो, म्हणून त्याला बारीक तारांची आठवण झाली नाही.

बाज करकरली. राधाकृष्ण उठायला गेले आणि पुन्हा बसले. अमृत त्यांच्याकडे धावला तर त्यांनी हाताने त्याला लांबच थांबवलं.

"त्याला सोडा, बाई," ते म्हणाले. "मीच हाय त्यो."

मग ते बोलले ते कुणाकडेही न पाहता. थोडा चारा राहिला होता, तेवढा कापा आणि वायरी फिरवून ठेवा असं सांगून बायको एसटीला गेली. त्यांनी चारा कापला, जॅक उतरवला. वायरीचं सकाळी बघू म्हणून राहून गेलं. सकाळी बाई दारात आल्या त्याच वेळी अमजद कॅन चढवत होता.

"आल्या आल्या तिनं इचारलं, वायरी फिरवल्या का? आता न्हाई म्हनलं असतं तर समद्यांम्होरं बोलली असती. मी म्हनलं, व्हय. वाटलं, अमजदला चहाला हाक मारतो अन तेवड्यात फिरवून टाकतो. तर ती निघाली म्हशीकडं, गाडीच्या मागनं. अन त्यो बसला की हँडलवर. थांब म्हनायचं हुतं मला. तोंडच उघडलं न्हाई येळंवर."

अमजदचं काय, असं सबिहाने विचारलं. तिचा आवाज चढला होता आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. तो माणूस तुमच्या बायकोचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यात गेला, आणि तुम्ही त्याला कोठडीत सडू दिलंत.

"आदी पोराचं नाव यील म्हनून गप ऱ्हायलो," राधाकृष्ण म्हणाले. "मग समदीच म्हनाय लागली, अमजदनं मारलं. ऐकून ऐकून मला बी तसंच वाटाय लागलं, बाई. लई बरं वाटायचं तसं."

अमृत उभ्या जागी ढसाढसा रडत होता. हवालदारांनी राधाकृष्णांना आधार देऊन जीपकडे नेलं, आणि कडूबाई पदर तोंडाशी धरून दारातच उभ्या राहिल्या.

६

अमजदचं कलम निघालं, कोर्टाची कागदपत्रं झाली, तेव्हा सबिहा मुद्दाम तालुक्याला गेली. सुटकेची बातमी त्याला पोलिसांनी दिली होती. बाकीचं तिला स्वतः सांगायचं होतं. आवारातल्या लिंबाखाली पारावर बसून तिने त्याला सगळं समजावलं: तारा कुणी उलट्या केल्या होत्या, भोंगा का वाजला नाही, आणि मुख्य म्हणजे बटण त्याने सांगितलं तसं फॉरवर्डलाच होतं. त्याला काहीही विसर पडला नव्हता. कोठडीत त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घेऊन ती इतक्या लांब आली होती, आणि तो आता मोकळा श्वास घेईल अशी तिची अपेक्षा होती.

अमजदने सगळं नीट ऐकून घेतलं. राधाकृष्णांना तो एका शब्दाने वाईट बोलला नाही. मावशींनी मालकांना काय विचारलं होतं, तेवढं मात्र त्याने पुन्हा एकदा सांगायला लावलं. सबिहाने सांगितलं.

"म्हंजी मावशी निर्धास्त हुती," तो म्हणाला. "गाडीला कायी हुनार न्हाई, असं धरून गेली ती मागं."

"हो. आणि तूही तसंच धरून बसला होतास. तुझी काही चूक नव्हती, अमजद."

मग त्याने उजवा हात मांडीवर उताणा ठेवला.

"चूक नव्हती, मॅडम. पन मूठ पिळली ती ह्या हातानंच ना?"

सबिहाने आजवर कितीतरी गाड्यांत खोट कुठे आहे ते शोधून दाखवलं होतं. या हातात तिला कुठलीच खोट दाखवता येत नव्हती. हसीना आत सह्या करत होती. ती बाहेर येईपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली.